सारांशातला पारा

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. औषधांची माहितीपत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका, सरकारी अहवाल, जे येईल ते. साताऱ्यातल्या माझ्या टेबलापासून उठून ज्या गावाविषयी लिहिलं त्या गावात जाऊन उभं राहायची वेळ माझ्यावर एकदाच आली, ती या जानेवारीत, परभणी जिल्ह्यात.

पालम तालुक्यात गोदावरीजवळ कोळशावर चालणारं एक खाजगी वीजकेंद्र आहे. त्याचं आणि शेजारच्या गावाचं नाव मी इथे गाळते. त्या केंद्राला वीजनिर्मितीचा दुसरा संच जोडायचा होता. असं काही करायचं तर गावकऱ्यांसमोर जनसुनावणी घ्यावी लागते, आणि त्याआधी पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवावा लागतो. तो सारांश पावसाळ्यात मी केला होता. काम देणाऱ्या सल्लागार कंपनीचे दातार साहेब जानेवारीत फोनवर म्हणाले, "सुनावणीला याल का? आमचे तज्ज्ञ हैदराबादचे आहेत, ते इंग्रजीत बोलतील. तुम्ही मराठीत सांगायचं. बाकी काही नाही."

मराठवाडा मी कधी पाहिला नव्हता. लगेच हो म्हटलं.

परभणी

सकाळी गाडीतून उतरले तेव्हा फलाटावरच्या बायकांनी पदर कानांवरून घट्ट ओढून घेतले होते. आमच्याकडची थंडी ओली असते, अंगावर बसते. इथली कोरडी, सुरीसारखी. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात चहा आणि सुशीला घेतला. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, मिरची, दाण्याचं कूट घालून दिलेली फोडणी. मला वाटलं होतं पोह्यांची गरीब बहीण असेल. दुसरी रकाबी मागून घेतली. शेजारच्या बाकावर वर्तमानपत्र पडलं होतं, त्यात मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'परभणीचा पारा आणखी घसरला'. मी वाचलं आणि शाल नीट लपेटून घेतली. त्या मथळ्याकडे तेव्हाच नीट बघायला हवं होतं.

बसला वेळ होता. रिक्षावाले मामा म्हणाले, "पारदेश्वराचं दर्शन घेतल्याबिगर कसं जाताव?" त्यांनी मला देवळात नेलं. चांदीसारखी झळझळणारी पिंड. रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ होते, ते कौतुकाने म्हणाले, "पाऱ्याची हाय बरं का. पारा बांधून घडवलेली." मी हात जोडले आणि बसस्टँड गाठलं.

पालम

गंगाखेडला एस.टी. पुलावर आली तशी निम्म्या बायकांनी खिडकीतून नमस्कार केला. "गोदावरी ना?" मी शेजारणीला विचारलं. ती हसली. "गोदावरी पुस्तकात. आमी गंगाच म्हणताव." काळ्या रानात कापलेल्या तुरीचे सड उभे होते, ज्वारीची कणसं पोटरीतून बाहेर पडली होती, आणि बांधाबांधाला कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग. साताऱ्याच्या बाजूला नजर कुठे ना कुठे डोंगराला अडते. इथे ती अडतच नाही. म्हणून वीजकेंद्राची चिमणी फार लांबून दिसली. पांढुरका धूर सरळ वर जाऊन एका बाजूला कलंडत होता.

पालमच्या स्टँडवर नामदेव गुरुजी न्यायला आले होते. निवृत्त शिक्षक, सत्तरीचे, डोक्याला मफलर, खांद्यावर शबनम. सुनावणीच्या गावात माझी उतरायची सोय त्यांच्या घरी होती. जीपमध्ये बसताच त्यांनी शबनममधून माझा सारांश काढला. पानांचे कोपरे मऊ पडले होते, ओळींखाली लाल रेघा होत्या.

"तीन दिवस पारावर बसून लोकाला वाचून दाखिवला," ते म्हणाले. "लय सोपं लिवलाव ताई. न्हाईतर सरकारी कागद म्हंजे दातानं फोडायची सुपारी."

अठरा वर्षांच्या कामात वाचकाने असं तोंडावर कौतुक कधी केलं नव्हतं. मी सुखावले.

दुपारी जेवायला बसलो. गुरुजींच्या पत्नीने येसराची आमटी केली होती. डाळी, गहू आणि मसाले भाजून दळलेलं हे पीठ इथल्या घराघरांत असतं. आमटी झणझणीत होती, बरोबर ज्वारीची पातळ भाकरी आणि वर कच्चा कांदा. गुरुजी जेवता जेवता म्हणाले, "सगळ्यात चांगली गोष्ट कोनती, तर धूर गार करून सोडनार. आमच्या लोकाला त्याचीच फिकीर होती. हित आधीच उन्हाळ्यात जीव जातो."

"धूर गार करणार?" मी विचारलं. "असं कुठे आहे?"

त्यांनी पान उघडून बोट ठेवलं. वाक्य माझंच होतं: 'चिमणीतून बाहेर पडणारा पारा ठरवून दिलेल्या मर्यादेतच राहील.'

"पारा मर्यादेत म्हंजे गरमी मर्यादेत," गुरुजी म्हणाले. "न्हाई का?"

माझा घास हातातच राहिला. मराठीत पारा चढतो, पारा उतरतो, पारा घसरतो. रोज सकाळी पेपरात तो हवेच्या तापमानासाठीच येतो. मी लिहिलं होतं ते धातूबद्दल. कोळशात मुळातच थोडा पारा असतो, कोळसा जळताना त्याची वाफ होऊन ती चिमणीतून बाहेर पडते. इंग्रजी अहवालात त्यावर आख्खं प्रकरण होतं. ही वाफ पुढे पाण्यात उतरते, तिथे तिचं रूप बदलतं, ती मासळीत साठत जाते, आणि अशी मासळी पोटुशी बाई रोज खात असेल तर गर्भातल्या बाळाच्या मेंदूला धोका असतो. सारांशाला पानांची मर्यादा होती. दातारांनी त्या प्रकरणाची एक ओळ करायला सांगितलं. मी केली, आणि ती वाचून गावाला उन्हाळा सुसह्य होईल असं वाटत होतं.

गुरुजींना मी त्या क्षणी काही सांगितलं नाही. "बघते," एवढंच म्हटलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

गंगेकाठी

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी मला नदी दाखवायला घेऊन गेले. पाणी शांत, हिरवट, आणि पलीकडे चिमणी. काठावर मथुराबाई जाळ्यातला कचरा निवडत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, काटक. भोयांचं घर, नवरा वारलेला, मुलगा पहाटे जाळी टाकतो आणि त्या पालमच्या बाजारात मासळी विकतात. शेजारी त्यांची सून कविता होती. सहावा महिना, पहिलंच बाळंतपण.

"ह्याच ताईनं ते पुस्तक लिवलंय," गुरुजींनी ओळख करून दिली.

"आसं?" मथुराबाईंनी मला बसायला पोतं टाकलं. "मंग चांगलं झालं बाई. पानी तापलं की मासळी मरती. धूर गार सोडनार म्हनले गुरुजी, जिवाला बरं वाटलं."

मी विचारलं, "घरी मासळी रोज खाता?"

"इकून जे राहील ते आपलंच," त्या म्हणाल्या आणि सुनेकडे पाहून हसल्या. "हिला तर जाणून देते, मोठा तुकडा. दोन जिवाची हाय."

मी उठले आणि बाभळीपाशी जाऊन दातारांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "शब्दकोश काढा ना. पारा म्हणजे पाराच. तुमचा शब्द बरोबर आहे."

"शब्द बरोबर आहे, पण लोक उलटं समजलेत."

"लोक काय समजतात याची जबाबदारी आपली नाही. उद्या तुम्ही विचारलेलं भाषांतर करायचं, त्याच्यापुढे एक अक्षर नाही. आणि एक लक्षात ठेवा, भाषांतर अचूक असल्याच्या दाखल्यावर सही तुमची आहे. चूक निघाली तर ती तुमची निघेल."

मी फोन ठेवला आणि काठावर परत आले.

संध्याकाळी सरपंच कुंडलिकराव चहाला या म्हणाले. बागायतदार, पांढरी मिशी, बोलणं मोजकं. गावातले बरेच तरुण केंद्रात कामाला आहेत, आणि संच व्हावा म्हणून सरपंचांनी दोन निवडणुका अंगावर घेतल्या आहेत. बशीत चहा ओतत ते म्हणाले, "उंद्या तालुक्याचे पुढारी येनार, संच नको म्हनून बोंब मारायला. त्यांची पोरं पुन्याला हायती. आमची हितं हायती. ताई, उंद्या कायबी इकडचं तिकडं होऊ देऊ नगा. लय बेजारीनं इथवर आलोत."

मी मान हलवली. घरी येऊन अंथरुणावर पडले, पण डोळ्यांसमोर कविताच्या ताटातला मोठा तुकडा होता.

मांडव

शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. अकरा वाजता भरला. एका बाजूला केंद्राचे कामगार, दुसऱ्या बाजूला पुढाऱ्यांबरोबर आलेली माणसं, मध्ये पोलीस, आणि मागे शेळ्या-मेंढ्या रानात सोडून आलेले धनगर काठ्या टेकून उभे. व्यासपीठावर जिल्ह्याहून आलेल्या अधिकारी बाई, त्या सुनावणीच्या अध्यक्ष. त्यांच्या शेजारी हैदराबादचे तज्ज्ञ राव, मग मी, आणि माझ्या मागच्या खुर्चीवर दातार.

पहिला तासभर जमीन आणि नोकऱ्या यांवरच गेला. पुढारी म्हणाले, संच आला तर जिल्हा राखेत जाईल. सरपंच म्हणाले, संच नाही आला तर पोरं पुण्याच्या फुटपाथवर जातील. दोन्ही बाजूंनी शिट्ट्या आणि टाळ्या. एक खुर्ची हवेत उडाली, पोलिसांनी दोघांना बाहेर नेलं. पाऱ्याचं नावही कुणी काढलं नाही. मला भीती वाटत होती की कुणी काढेल, आणि तेवढीच भीती वाटत होती की कुणीच काढणार नाही.

मग नामदेव गुरुजी उठले. माझा सारांश हातात घेऊन, वर्गात उभे राहिल्यासारखे ताठ.

"माझा प्रश्न साधा हाय," ते म्हणाले. "पान नऊ. चिमणीतून निघनारा पारा मर्यादेत ठेवनार असं लिवलंय. तर किती अंशावर ठेवनार?"

रावांनी माझ्याकडे पाहिलं. दातार मागून कुजबुजले, "धुराचं तापमान किती, एवढंच विचारा. ते आकडा सांगतील. संपलं."

खरंच संपलं असतं. राव आकडा सांगणार, मी तो मराठीत सांगणार, गुरुजी समाधानाने खाली बसणार. भाषांतर शंभर टक्के अचूक. मी ध्वनिक्षेपक हातात घेतला. तिसऱ्या रांगेत मथुराबाई होत्या, शेजारी कविता, पोटावर हात ठेवून.

"गुरुजी," मी म्हणाले, "तुमचा प्रश्न चुकलेला नाही. माझं वाक्य चुकलेलं आहे."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ते तापमानाबद्दल नाही. पारा म्हणजे तो चकाकणारा धातू, तुमच्या परभणीच्या पारदेश्वराची पिंड ज्याची आहे तो. कोळशात तो थोडा असतो. कोळसा जळला की त्याची वाफ होते आणि धुराबरोबर बाहेर पडते. ती पाण्यात उतरली तर मासळीत साठते. पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो. धूर गार करणार असं अहवालात कुठेही नाही."

पुढाऱ्यांच्या बाजूने आरोळी उठली, "विष! विष पाजायलेत आमाला!" दुसरीकडून कुणी ओरडलं, "देवाच्या पिंडीला विष म्हनायली ही बाई!" पिंडीचं नाव घ्यायला नको होतं, हे तोंडातून गेल्यावर कळलं. दोन-तीन जण बाकांवर चढले. मी घसा ताणून म्हणाले, "पिंडीतला पारा बांधलेला, घट्ट असतो. मी वाफ झालेल्या पाऱ्याबद्दल बोलते आहे." कुणी ऐकत नव्हतं. एक चप्पल व्यासपीठाच्या कडेला येऊन आपटली.

अधिकारी बाईंनी टेबलावर हात आपटला. आवाज जरा खाली आल्यावर त्यांनी मला विचारलं, "हे तज्ज्ञांचं उत्तर आहे की तुमचं?"

"माझं," मी म्हणाले. "आणि चूकही माझी."

"मॅडम, ह्या केवळ दुभाषी आहेत," दातार उभे राहिले. "यांचं म्हणणं नोंदवू नये."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. रावांना त्यांनी इंग्रजीत विचारलं, ही बाई सांगते ते खरं आहे का? रावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, खरं आहे, मूळ अहवालात सगळं दिलेलं आहे. ते मी मराठीत सांगितलं.

सरपंच कुंडलिकराव सावकाश उठले. मला वाटलं आता माझं काही खरं नाही.

"मोजतंय कोन?" त्यांनी रावांना विचारलं.

राव म्हणाले, कंपनीने नेमलेली प्रयोगशाळा, अधूनमधून.

"म्हंजे चोरानंच चावी सांबाळायची." ते कामगारांकडे वळले. "हे बघा, मला संच पाहिजे. काल बी पाहिजे हुता, आज बी पाहिजे. पर पारा किती निघायलाय ते सरकारनं मोजावं, आन आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिवावा. गंगेतली मासळी बी तपासावी. हे लिवून घ्या बाईसाहेब, सरपंचाची मागनी म्हनून."

"अर्धवट मागन्या नगं!" पुढारी ओरडले. "संचच नगं! मर्यादा घालून विष गोड होतंय का?"

"तुमी लाईट लावता का न्हाई घरी?" एक कामगार उसळला.

या वेळी मात्र वाद पाऱ्यावर होता. मर्यादा कुणी घालायची, मोडली तर केंद्र बंद करायचं का, बंद केलं तर कामगारांचं काय. लोक ओरडत होते, पण एकमेकांना उत्तरं देत होते. अशात मथुराबाई उठल्या. त्यांना ध्वनिक्षेपक कुणी दिला नाही, त्यांना गरजही नव्हती.

"ताई, तुमी आज बोल्लाव, बरं झालं," त्या थेट मला म्हणाल्या. "पर मला सांगा, उंद्या पालमच्या बाजारात मपली मासळी कोन घेनार?"

मी ध्वनिक्षेपक टेबलावर ठेवला.

अध्यक्ष बाईंनी सुनावणी तहकूब केली. सारांश दुरुस्त करून प्रत्येक गावात वाचून दाखवायचा, त्यानंतर पुन्हा सगळ्यांना बोलवायचं. सरपंचांची आणि पुढाऱ्यांची, दोन्ही म्हणणी इतिवृत्तात घेतली. दातार गाडीत बसताना मला एवढंच म्हणाले, "तुमची तुम्ही जा. आणि यापुढे आमच्याकडून कामाची अपेक्षा ठेवू नका." धूळ उडवत गाडी गेली. माझी बॅग गुरुजींच्या घरी होती, तेवढं नशीब.

ओसरीवर

चौथ्या दिवशी परतीची गाडी संध्याकाळची होती. सकाळी गुरुजींनी ओसरीवर सतरंजी टाकली, कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "बसा. ते पान आता हितंच दुरुस्त करा. कंपनी करील ते करील, आमच्यापाशी तुमचं पायजे."

मी लिहिलं, 'पारा या धातूची वाफ'. गुरुजींनी मोठ्याने वाचलं. ओसरीच्या पायरीवर मथुराबाई येऊन बसल्या होत्या. बाजारचा दिवस असून गेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "धातू म्हनलं की लोकाला तांब्या-पितळंची भांडी वाटत्याल."

मी खोडलं. "मग काय लिहू?"

"डाक्तर काखंत काचेची नळी ठिवायचा न्हाई का, ताप बघायला? ती फुटली की चांदीवानी गोळ्या पळायच्या. त्यो पारा. आसं लिवा."

तसं लिहिलं. मग तो कुठून येतो, पाण्यात कसा जातो, मासळीत कसा साठतो. प्रत्येक वाक्य गुरुजी वाचत, मथुराबाई मान हलवत किंवा हलवत नसत. एक पान लिहायला पूर्ण सकाळ गेली. आयुष्यात इतकं सावकाश भाषांतर मी केलेलं नाही.

पुढे काय झालं तेही इथेच सांगते. महिन्याभराने सुनावणी पुन्हा झाली. मला बोलावणं नव्हतं; गुरुजींनी फोनवर सांगितलं. कंपनीच्या नव्या सारांशात पाऱ्यावर पूर्ण पान होतं, गुरुजींनी आमचंही वाचून दाखवलं. सरपंच आणि पुढारी पुन्हा कडाडून भांडले, पण पाऱ्याच्या मोजणीची मागणी दोघांच्याही निवेदनात होती. फाइल आता मुंबई-दिल्लीत कुठेतरी आहे. संच होणार की नाही, हे मी लिहिते आहे तोवर ठरलेलं नाही. नदीतल्या मासळीचे नमुने सरकारी माणसांनी नेले, अहवाल यायचा आहे.

पान लिहून झालं त्या दुपारी मथुराबाई मला म्हणाल्या, "चला, दोन घास खाऊन जावा." घर दोन खणांचं, सारवलेलं. चुलीवर मासळीचं कालवण उकळत होतं, पहाटे मुलाने धरलेली, न विकलेली मासळी. शेजारी दुसऱ्या पातेल्यात पिठलं होतं.

कविताने मला सरळ विचारलं, "मावशी, मंग मी मासळी खाऊ का नगं?"

"मला माहीत नाही गं," मी म्हणाले. "इथली मासळी अजून कुणी तपासलेली नाही. पुस्तकात एवढंच होतं की बाळ होईपर्यंत जपावं."

मथुराबाईंनी ताटं मांडली. मुलाच्या ताटात कालवण वाढलं, स्वतःच्या ताटात वाढलं. सुनेच्या ताटात भाकरी आणि पिठलं वाढलं, वरून शेंगदाण्याच्या तेलाची धार सोडली, आणि कालवणाचं पातेलं तिच्यापासून लांब, स्वतःच्या मांडीमागे सरकवून ठेवलं. कविता एकदा त्या पातेल्याकडे पाहून खाली मान घालून जेवू लागली.

पळी हातात धरून मथुराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाला काय वाढू?"

"मासळी," मी म्हणाले.

त्यांनी मला मोठा तुकडा वाढला.